दोघांची पहिली समुद्रकिनाऱ्याची सुट्टी : उष्ण कटिबंधातले कोणते बेट निवडावे?

निळीलाट

आम्ही दोघांनी आजवरच्या बहुतेक सुट्ट्या डोंगरांत आणि जुन्या शहरांत घालवल्या. समुद्राकाठी नुसते राहण्यासाठी म्हणून कधी गेलो नाही. यंदा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात दोघांची रजा एकत्र जुळली आहे आणि ती पुढेमागे सरकवता येणार नाही. मालदीव, सेशेल्स, मॉरिशस आणि बाली ही चार नावे आम्ही निवडली होती. थायलंडचा विचार सोडून दिला, कारण ऑगस्टमध्ये तिथे पाऊस असतो असे बऱ्याच जणांनी सांगितले.

अडचण अशी की आमच्या दोघांच्या अपेक्षा अगदी वेगळ्या आहेत. मला पोहता येत नाही. उथळ, शांत पाण्यात तासन्‌तास बसता यावे, किनाऱ्यावर चालता यावे आणि वाचता यावे एवढेच मला हवे आहे. नवऱ्याला उत्तम पोहता येते, त्याला प्रवाळ आणि मासे पाहायचे आहेत, आणि एका जागी दोन दिवसांहून अधिक बसवले तर तो अस्वस्थ होतो. छायाचित्रांत सगळीच बेटे सारखी सुंदर दिसतात, त्यामुळे निवड नेमकी कशाच्या आधारावर करायची हेच आम्हाला उमगत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

दर्यासारंग

तुम्ही दिलेल्या माहितीत सर्वांत मोलाची गोष्ट ऑगस्ट महिना ही आहे, आणि बेटांची यादी तिच्यानंतर करायला हवी. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या पट्ट्यात हवेचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही, म्हणून तिथे कोणताही महिना सारखाच असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तिथले ऋतू वारा ठरवतो. पाऊस कधी येणार, लाटा किती उंच असणार, पाणी नितळ राहणार की गढूळ होणार, समुद्रशेवाळ कोणत्या किनाऱ्यावर येऊन साचणार, हे सारे वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून असते. म्हणून मी नेहमी दोन प्रश्न आधी विचारतो : त्या महिन्यात वारा कुठून वाहतो, आणि आपण राहणार तो किनारा वाऱ्यासमोर आहे की आडोशाला? बेटाच्या नावाचा क्रमांक तिसरा लागतो.

ऑगस्टमध्ये हिंदी महासागरावर विषुववृत्ताच्या दक्षिणेला आग्नेयेकडून व्यापारी वारे जोरात वाहतात आणि विषुववृत्त ओलांडले की तेच वारे नैऋत्य मोसमी वारे होतात. तुमच्या यादीतली चारही बेटे या एकाच वाऱ्याच्या वाटेवर आहेत, मात्र प्रत्येकावर त्याचा परिणाम निराळा होतो.

मॉरिशस सुमारे २० अंश दक्षिण अक्षांशावर आहे, त्यामुळे ऑगस्ट हा तिथला हिवाळा असतो. पाऊस कमी आणि फिरायला हवा उत्तम, पण समुद्राचे पाणी २२–२३ अंशांपर्यंत उतरते आणि पूर्व किनाऱ्यावर वारा सतत अंगावर येतो. पश्चिमेचा फ्लिक आँ फ्लाकसारखा किनारा त्या मानाने कोरडा आणि शांत असतो. डोंगर चढायचे असतील तर मी ऑगस्टमध्ये मॉरिशसला आनंदाने जाईन. तासन्‌तास पाण्यात बसायचे असेल तर जाणार नाही.

सेशेल्समध्ये ऑगस्टमध्ये आग्नेय वारा भरात असतो. ला दिग बेटावरचा ग्राँद आन्स हा देखणा किनारा या दिवसांत पोहण्यासाठी धोकादायक असतो, तर त्याच बेटाच्या पश्चिमेला असलेल्या आन्स सूर्स दार्जाँ या किनाऱ्यापुढे प्रवाळभिंत असल्यामुळे पाणी उथळ आणि संथ राहते. माहे बेटाच्या वायव्येचा बो व्हालों आणि प्रालँचा आन्स लाझिओ हेही या काळात आडोशाला असतात. म्हणजे सेशेल्स बाद होत नाही, पण तिथे राहण्याची जागा नकाशा समोर ठेवूनच घ्यावी लागते. सेशेल्सचा समुद्र सर्वांत शांत असतो तो वारे दिशा बदलतात त्या एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास.

मालदीवमध्ये मे ते ऑक्टोबर हा नैऋत्य मोसमीचा काळ असतो. रोज दिवसभर पाऊस पडतो असे नाही. लख्ख ऊन पडलेले सलग दिवसही मिळतात. पण ढगाळ, वादळी हवेची एखादी फेरी दोन-तीन दिवस मुक्काम ठोकून बसू शकते, आणि समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-अडीच मीटर उंचीच्या त्या सपाट बेटांवर अशा वेळी करण्यासारखे दुसरे काही नसते.

बालीसाठी मात्र ऑगस्ट हा कोरड्या ऋतूचा मध्य आहे. आकाश निरभ्र, दमटपणा कमी, आणि त्यामुळेच गर्दीही सर्वाधिक. तिथले किनारे मालदीवसारखे शुभ्र नाहीत, हे आधीच समजून घ्यावे. पश्चिमेकडचा कुटा किंवा दक्षिणेकडचा उलुवाटू हा लाटांवर स्वार होणाऱ्यांचा समुद्र आहे आणि तुमच्यासारख्या न पोहणाऱ्या व्यक्तीने तिथे कमरेएवढ्या पाण्यातही जाऊ नये. आग्नेयेच्या सानूर आणि नुसा दुआ या किनाऱ्यांपुढे प्रवाळभिंत आहे, लाटा तिच्यावरच फुटतात आणि आत संथ पाणी मिळते.

आता थायलंडविषयी. ऑगस्टमध्ये थायलंडला जाऊ नये हे विधान अर्ध्या थायलंडला लागू पडते. फुकेत, क्राबी आणि फी फी ही ठिकाणे अंदमान समुद्राच्या बाजूला, म्हणजे नैऋत्य वाऱ्याच्या थेट समोर आहेत. तिथे या दिवसांत किनाऱ्यांवर लाल निशाणे लागतात, सिमिलन बेटे मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवली जातात, आणि फी फीचा माया बे हा छोटा उपसागरही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बंद असतो. पण कोह सामुई, कोह फांगान आणि कोह ताओ ही बेटे द्वीपकल्पाच्या पलीकडे, थायलंडच्या आखातात आहेत. मधल्या डोंगररांगा पावसाचा बराचसा जोर आधीच झेलतात. सामुईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतो आणि नोव्हेंबर हा तिथला सर्वाधिक पावसाचा महिना असतो. ऑगस्टमध्ये एखादी सर येऊन जाते, पण समुद्र सहसा शांत असतो. तुम्ही जे नाव खोडले ते तुमच्या महिन्याला चांगले जुळते, म्हणून एवढे विस्ताराने लिहिले.

रानवाटा

दर्यासारंग यांच्या म्हणण्यात मला एक भर घालावीशी वाटते, कारण वारा अनुकूल असूनही पहिली सुट्टी बिघडू शकते. बेटांच्या दोन जाती लक्षात घ्या. मालदीवची बेटे प्रवाळाच्या कंकणद्वीपांवर, म्हणजे बांगडीच्या आकाराच्या प्रवाळरांगांवर, वसलेली : सपाट, छोटी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काही मिनिटांत चालून होणारी. तिथे बहुतेक रिसॉर्ट एका स्वतंत्र बेटावर असते आणि आपण उतरलो की परत निघेपर्यंत तेच आपले जग असते. शुभ्र वाळू आणि फिकट निळे लगून (प्रवाळभिंतीच्या आतले उथळ पाणी) हवे असेल तर त्याला तोड नाही. दुसरी जात ज्वालामुखीतून किंवा ग्रॅनाइटच्या खडकातून उभ्या राहिलेल्या उंच बेटांची : बाली, मॉरिशस, सेशेल्सची आतली बेटे, हवाई, फिजीची मोठी बेटे. तिथे डोंगर आहेत, जंगल आहे, गावे आहेत, पाऊस आला तर पाहण्यासारखे काही आहे. प्रालँ बेटावरचे व्हाले द मे हे जुळ्या नारळाच्या माडांचे अरण्य १९८३ पासून जागतिक वारसा स्थळांच्या यादीत आहे आणि ते ढगाळ दिवशीही तितकेच सुंदर दिसते.

एका जागी दोन दिवसांत अस्वस्थ होणाऱ्या माणसाला अशा लहानशा प्रवाळबेटावर आठवडाभर ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि त्याची अस्वस्थता शेवटी तुमच्या वाचनातही शिरेल. पहिल्या वेळी तरी उंच आणि थोडे मोठे बेट घ्यावे असे माझे ठाम मत आहे. सकाळी तो डोंगरावर किंवा बोटीवर जाईल, तुम्ही किनाऱ्यावर राहाल, आणि दुपारनंतर दोघे एकत्र असाल. अशा बेटावर एकाच्या आवडीखातर दुसऱ्याला मन मारावे लागत नाही.

प्रवाळ

दर्यासारंग यांच्याशी एका बाबतीत मी असहमत आहे. त्यांनी मालदीवचा ऑगस्ट फार लवकर बाजूला सारला. नैऋत्य मोसमीच्या काळात समुद्राचा प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्याबरोबर वाहून येणारे प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) कंकणद्वीपांच्या पूर्व कडेला दाट होते आणि ते खाण्यासाठी पंखांसारखे कल्ले असलेले प्रचंड मांटा मासे तिथे जमतात. बा कंकणद्वीपातला हनिफारू हा छोटा उपसागर त्यासाठी जगभर ओळखला जातो. जून ते नोव्हेंबर हा तिथला हंगाम आहे आणि ऑगस्ट त्यात ऐन भरात असतो. तिथे स्कूबाला, म्हणजे हवेची टाकी घेऊन खोल उतरण्याला, बंदी आहे; केवळ नळीने श्वास घेत पाण्याच्या वरून पाहण्याचे स्नॉर्केलिंग करता येते. म्हणजे चांगल्या पोहणाऱ्याला स्कूबाचे प्रशिक्षण नसतानाही हे दृश्य पाहता येते. ज्याला माशांची ओढ आहे त्याच्यासाठी पावसाळी मालदीव ही तडजोड नसून तोच खरा हंगाम आहे.

तरीही तुम्हा दोघांसाठी मी मालदीव सुचवणार नाही, कारण निळीलाट यांना त्या दिवशी बोटीवरच बसून राहावे लागेल. माझा आग्रह एवढाच आहे की 'पावसाळा' हा शब्द ऐकून एखादे बेट सर्वांसाठी बाद करू नये.

प्रवाळाविषयी आणखी एक सांगणे आवश्यक आहे. २०२३ पासून जगभरच्या समुद्रांत प्रवाळ विरंजनाची चौथी जागतिक लाट आली. पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा तापले की प्रवाळ आपल्या पेशींमधली शैवले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. पाणी वेळेत निवले तर सावरतात, नाहीतर मरतात. त्यामुळे चार-पाच वर्षांपूर्वीची पाण्याखालची छायाचित्रे पाहून बेट निवडू नका. ज्या गावात किंवा रिसॉर्टमध्ये राहायचे आहे तिथल्या डायव्ह सेंटरला गेल्या काही महिन्यांतली परिस्थिती सरळ विचारा. तिथल्या प्रशिक्षकांना रोज पाण्यात उतरावे लागते, आणि नीट विचारले तर ते बहुधा नीट सांगतात.

निळीलाट

सर्वांचे मनापासून आभार. वाऱ्याच्या बाजूचा विचार आमच्या मनात आलाच नव्हता. हे वाचून नवऱ्याने मांटा माशांची चित्रफीत शोधून काढली आणि तो अर्धा तास बोललाच नाही, त्यामुळे मालदीवला पुन्हा केव्हातरी जावे लागणार हे नक्की. तूर्तास बाली आणि सामुई अशी दोन नावे उरली आहेत. मात्र माझी खरी काळजी पाण्याची आहे. 'शांत' आणि 'उथळ' हे शब्द जवळजवळ प्रत्येक हॉटेलच्या वर्णनात दिसतात. न पोहणाऱ्या व्यक्तीसाठी एखादा किनारा खरोखर सुरक्षित आहे हे घरबसल्या कसे ओळखावे? शिवाय आणखी कोणी झांझिबारही सुचवले आहे, ते कसे?

भरतीओहोटी

हा प्रश्न प्रत्येक पहिलटकर प्रवाशाने विचारायला हवा, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

उपग्रहाने घेतलेले छायाचित्र उघडा आणि आपल्या किनाऱ्यापुढे पाहा. किनाऱ्याला समांतर, थोड्या अंतरावर पांढऱ्या फेसाची सलग रेघ दिसत असेल तर तिथे प्रवाळभिंत आहे आणि लाटा तिच्यावर फुटतात; रेघ आणि वाळू यांच्या मधला फिकट निळा पट्टा म्हणजे लगून, आणि तुमची जागा तीच. पांढरी रेघ थेट वाळूलाच लागलेली असेल तर लाटा किनाऱ्यावर फुटतात असे समजावे. फिकट पट्टा अगदी अरुंद असून लगेच गडद निळा रंग सुरू होत असेल तर तळ तिथे एकदम खोल होतो. भिंतीत जिथे खंड दिसतो तिथून लगूनचे पाणी बाहेर पडते आणि तिथला प्रवाह जोरदार असतो, त्यामुळे त्या खंडासमोर पाण्यात उतरू नये. एकाच छायाचित्रावर विसंबू नका, कारण ते शांत ऋतूतले असू शकते.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. झांझिबारचे उदाहरण यासाठी उत्तम आहे. जून ते सप्टेंबर हा तिथला कोरडा आणि त्या मानाने थंड काळ असतो, त्यामुळे हवामानाच्या दृष्टीने ऑगस्ट चांगलाच. पण पाजेसारख्या पूर्व किनाऱ्यांवर ओहोटीला समुद्र इतका दूर जातो की पाणी गाठण्यासाठी चिखलातून आणि समुद्री साळींच्या काट्यांतून बरेच चालावे लागते, आणि दिवसातले कित्येक तास पाण्यात बसणे शक्यच होत नाही. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते तेव्हा हा फरक आणखी वाढतो. उत्तरेच्या नुंग्वी आणि केंद्वा या किनाऱ्यांवर हा त्रास पुष्कळच कमी होतो, कारण तिथला तळ लवकर खोल होतो; मात्र न पोहणाऱ्याने तिथे ही खोली ध्यानात ठेवावी. भरतीचे तक्ते आगाऊ प्रसिद्ध होतात. आपल्या तारखांना भर दुपारी ओहोटी आहे की भरती हे पाहून ठेवले तर हिरमोड टळतो. सानूरलाही ओहोटीला पाणी बरेच मागे सरते, हे बालीचा विचार करताना लक्षात असू द्या.

तिसरी गोष्ट किनाऱ्यावर पोहोचल्यानंतरची. फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये एखादा सपाट, गडद, लाटा नसलेला पट्टा दिसला तर तो सर्वांत सुरक्षित वाटतो, पण किनाऱ्यावर आलेले पाणी बहुधा तिथूनच समुद्राकडे परत जात असते. असा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, बाहेर घेऊन जातो. त्याच्याशी झुंजत सरळ किनाऱ्याकडे पोहण्याचा प्रयत्न केला की दमछाक होते आणि बहुतेक बुडणारे दमल्यामुळे बुडतात. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर जाऊन प्रवाहाबाहेर पडावे. येत नसेल तर पाठीवर तरंगत राहून हात हलवून मदत मागावी. हे तुमच्या नवऱ्यालाही वाचायला द्या, कारण चांगले पोहणारेच अशा प्रवाहात जास्त आत्मविश्वासाने शिरतात.

जाण्यापूर्वी दोन-तीन आठवडे तरणतलावात जाऊन निदान पाठीवर तरंगायला शिकता आले तर अवश्य शिका. लगूनमध्ये लाइफ जॅकेट घालून, पाण्यात तोंड बुडवून मासे पाहण्यासाठी त्याहून फार अधिक काही लागत नाही, आणि हा आनंद फक्त पोहणाऱ्यांपुरता नाही.

शांतसागर

सामुईचे नाव निघालेच आहे तर त्याच वाऱ्याच्या हिशेबाने आणखी एक नाव सुचवतो. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरची पेरहेंतियान बेटे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ईशान्य मोसमीमुळे जवळजवळ बंदच असतात, पण ऑगस्टमध्ये नैऋत्य वाऱ्यापासून ती पूर्ण आडोशाला असतात. तिथे प्रवाळ किनाऱ्याच्या इतके जवळ आहेत की बोट न करताही स्नॉर्केलिंग करता येते, आणि याच महिन्यांत हिरवी समुद्री कासवे अंडी घालायला येतात. वाहनांची वर्दळ नाही. पायवाटा आणि छोट्या होड्या हेच दळणवळण. राहण्याच्या सोयी मात्र साध्या आहेत, आणि रोख रक्कम सोबत नेलेली बरी. झगमगाट नको असणाऱ्या जोडप्याला यापरते सुख नाही असे मला वाटते.

रानवाटा

पेरहेंतियान मलाही प्रिय आहे, पण पहिल्याच सुट्टीसाठी मी थोडा सावध राहीन. मोठे रुग्णालय मुख्य भूमीवर आहे आणि तिथे पोहोचायला लहान वेगवान बोटीतून समुद्र ओलांडावा लागतो. निळीलाट यांना पाण्याची भीती असेल तर तो प्रवासच सुट्टीची पहिली आठवण होऊन बसेल. सामुईला विमानतळ आहे, रुग्णालये आहेत, वर्तुळाकार रस्ता आहे. समुद्राशी पहिली ओळख होत असताना एवढा आधार असावा.

प्रवासाचा शेवटचा टप्पा लोक हिशेबात धरत नाहीत, हेही नोंदवतो. मालदीवची सीप्लेन (पाण्यावर उतरणारी छोटी विमाने) फक्त दिवसाउजेडी उडतात, त्यामुळे संध्याकाळी मालेला उतरणाऱ्याला दूरच्या बेटावर जाण्याआधी एक रात्र तिथेच काढावी लागते. बालीहून गिली बेटांकडे नेणाऱ्या वेगवान बोटी लोंबोकच्या सामुद्रधुनीतून जातात आणि जुलै-ऑगस्टच्या वाऱ्यात हा प्रवास बराच खडबडीत होऊ शकतो. समुद्र खवळला तर फेऱ्या रद्दही होतात. परतीच्या विमानाच्या दिवशीच अशी बोट पकडण्याचा बेत कधीही करू नये.

निळीलाट

गिलीचा विचार आमच्या मनात होताच, तो आता सोडला. आमचे मत सामुईकडे झुकले आहे. दोन प्रश्न उरतात. सामुईच्या कोणत्या बाजूला राहावे? आणि नवऱ्याला कोह ताओला जाऊन स्कूबाचे प्रशिक्षण घ्यायचे आहे, तर मुक्काम दोन बेटांत विभागावा का?

दर्यासारंग

ऑगस्टमध्ये सामुईची पूर्व आणि ईशान्य बाजू घ्या. पूर्वेचा चावेंग हा सर्वांत लांब आणि सर्वांत गजबजलेला किनारा आहे. रात्री उशिरापर्यंत संगीत चालू असते, त्यामुळे वाचनासाठी तो तुम्हाला मानवेल असे वाटत नाही. ईशान्य कोपऱ्यातली छोंग मोन ही छोटी खाडी आडोशाची, उथळ आणि शांत आहे आणि विमानतळापासूनही जवळ आहे. उत्तरेचा मेनाम हा किनारा लांब आणि निवांत आहे, चालण्यासाठी उत्तम, पण तिथे पाणी थोडे लवकर खोल होते. मी तुमच्या जागी असतो तर छोंग मोन घेतले असते. पश्चिम किनाऱ्यावरून सूर्यास्त अप्रतिम दिसतो, मात्र या महिन्यात वारा त्याच बाजूने येतो. तो पाहायला संध्याकाळी जावे, राहायला नव्हे.

बेटे बदलण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. प्रत्येक बदलात सामान बांधणे, खोली सोडणे, बोटीची वाट पाहणे आणि नवी खोली मिळेपर्यंत ताटकळणे यात एक अख्खा दिवस जातो. दहा दिवसांच्या आतल्या सुट्टीत मी एकच बेट घेईन आणि बाकीची दिवसाच्या सहलीने पाहीन. सामुईहून आंग थोंग सागरी राष्ट्रीय उद्यानाची सहल होते. चाळीसहून अधिक चुनखडकाच्या बेटांचा तो समूह उंचावरून पाहण्यासाठी चढणही आहे, म्हणजे तुमच्या नवऱ्याच्या पायांना काम मिळेल. त्या उद्यानात जाताना एक नियम पाळावा लागतो : थायलंडने २०२१ पासून सागरी राष्ट्रीय उद्यानांत ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट यांसारखी प्रवाळाला घातक रसायने असलेली सनस्क्रीन वापरण्यास बंदी घातली आहे. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे, कारण विषुववृत्ताजवळचे ऊन ढगांतूनही पाठ भाजून काढते आणि स्नॉर्केलिंग करणाऱ्याला ते संध्याकाळीच कळते.

प्रवाळ

प्रशिक्षणाविषयी मी थोडे वेगळे सुचवेन. कोह ताओ हे नवशिक्यांना शिकवण्यासाठी प्रसिद्ध बेट आहे आणि ऑगस्टमध्ये तिथले पाणी साधारणपणे चांगले असते. पण पूर्ण प्राथमिक प्रशिक्षणाला तीन-चार दिवस लागतात, त्यात वाचन आणि परीक्षाही असते, आणि संध्याकाळी माणूस दमून झोपतो. तुमच्या समुद्राकाठच्या पहिल्या सुट्टीचा निम्मा भाग त्यात जाईल. त्यापेक्षा प्रशिक्षकाच्या सोबतीने, १२ मीटरपेक्षा खोल न जाता केली जाणारी एक दिवसाची अनुभवाची डुबकी त्याने घ्यावी. ती आवडली तर पूर्ण प्रशिक्षण पुढच्या वेळी घेता येईल. त्याच दिवशी तुम्हीही बोटीने कोह ताओला जाऊन जवळच्या नांग युआन बेटांवर थांबू शकता. तीन छोटी बेटे वाळूच्या पट्ट्याने जोडलेली आहेत आणि दोन्ही बाजूंना उथळ पाणी आहे.

डुबकीपूर्वी आरोग्याची प्रश्नावली भरून द्यावी लागते. दमा, कानाचे किंवा हृदयाचे दुखणे असेल तर ते लपवू नये, आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागणार असेल तर ते निघण्याआधीच घ्यावे, कारण बेटावर ऐन वेळी त्यासाठी धावपळ होते. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नये, कारण दाब सारखा न झाल्यास कानाच्या पडद्याला इजा होते.

निळीलाट

ठरले. छोंग मोनला एकच मुक्काम, एक दिवस आंग थोंग, एक दिवस कोह ताओ, आणि उरलेले दिवस मोकळे ठेवू. तरणतलावात माझे नाव आजच नोंदवले. कोह ताओची सहल शेवटी ठेवावी असे नवऱ्याचे म्हणणे आहे, म्हणजे तोवर त्याची उत्सुकता टिकून राहील. त्याला काही हरकत आहे का?

प्रवाळ

हरकत आहे. स्कूबानंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो आणि त्याआधी विमानात चढले तर कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊन गंभीर त्रास होऊ शकतो. एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक डुबक्या असतील तर किमान १८ तास विमान टाळावे असा सर्वमान्य संकेत आहे. मी स्वतः पूर्ण एक दिवस मोकळा ठेवतो. शिवाय वारा वाढला आणि त्या दिवशीची बोट रद्द झाली तर शेवटी ठेवलेली सहल हातची जाते. कोह ताओ तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठेवा आणि पुढचे एक-दोन दिवस त्यासाठी राखीव राहू द्या.